इंजिनाचा पारा मेणाच्या हाती

मे महिन्यात कसारा घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. अशी गाडी गॅरेजात गेली की पुष्कळदा सल्ला मिळतो, ‘थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडच्या उन्हात लागतोच कशाला?’ हा सल्ला इंजिनाच्या मुळावर येणारा आहे.

सिलिंडरमध्ये इंधन पेटतं तेव्हा आतला वायू २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातो. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळतं. म्हणून सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून वॉटर पंप सतत कूलंट फिरवतो. ते धातूची उष्णता उचलून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत नेतं आणि समोरून घुसणारा वारा ती घेऊन जातो. घाटात इंजिनावर भार पुरेपूर, पण वेग बेताचा, त्यामुळे वारा कमी पडतो. सगळी मदार पंख्यावर येते.

थर्मोस्टॅट ही या वाटेवरची झडप. धातूच्या इवल्याशा डबीत मेण, त्यात एक दांडी आणि बाहेर स्प्रिंग. गाडी सुरू करताना मेण घट्ट असतं, झडप बंद असते आणि कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घुमत लवकर तापतं. साधारण ८२ ते ९० अंशांना मेण वितळून फुगतं, दांडी रेटतं आणि वाट मोकळी होते. ना वायर, ना सेन्सर! पातेल्यातल्या पाण्यात थर्मोस्टॅट सोडून पाणी तापवलं, की झडप उघडताना डोळ्यांनी दिसते. जाणकार मेकॅनिक तो असाच तपासतात.

तो काढला की इंजिन तापायला फार वेळ लागतो. तोवर ऑइल दाट राहतं, झीज वाढते, पेट्रोल जास्त जातं. शिवाय क्षारांनी बुजलेला रेडिएटर किंवा बंद पडलेला पंखा तसाच राहतो. हे क्षार बहुधा आपणच ओतलेल्या बोअरच्या पाण्यातले असतात. कूलंटमधलं ग्लायकॉल उत्कलनबिंदू वाढवतं, सोबतची रसायनं गंज रोखतात. नुसत्या पाण्याला यातलं काही जमत नाही.

गाडी तापलीच तर एसी बंद करून बाजूला घ्या, पण रेडिएटरचं झाकण उघडू नका. कुकरप्रमाणे ते आत दाब धरून ठेवतं. वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली पाणी १२० अंशांना उकळतं. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि तेच पाणी क्षणात उकळून अंगावर येतं. वरचा होज पाइप हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, मग अर्धा तास गेला तरी चालेल.