नव्या फळ्या मारण्याआधी भिंत वाळवा



जुन्या घरात भिंतीला मारलेल्या फळ्या कुजल्या की आपण सुताराला बोलावतो, नव्या ठोकून घेतो आणि काम झाले म्हणतो. तळकोकणातल्या एका घरी मी असेच काम पाहिले. उन्हाळ्यात आंब्याच्या कोऱ्या फळ्या लागल्या. दुसरा पावसाळा सरला तेव्हा त्यांची खालची वीतभर कड हाताने चुरगळत होती. फळ्यांना टेकून ठेवलेल्या बियाण्याच्या भातालाही बुरशी लागली होती. पैसे गेले, बियाणेही गेले. दोष सुताराचा नव्हता, भिंतीतल्या ओलीचा होता.

लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजविणारी बुरशी त्यात वाढत नाही. म्हणून फळी विकत घेण्याआधी ओल कोठून येते ते शोधा. वळचणीच्या पागोळ्या जोत्याला लागूनच पडतात का? बाहेरून माती किंवा शेणखताचा ढीग भिंतीला टेकला आहे का? फुटके कौल, तुंबलेले गटार, न्हाणीचे पाणी हेही पाहा. पाण्याची वाट आधी बंद करा.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. तो ओल आतच कोंडून ठेवतो. तेथे चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा बरा. मग दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत भिंत उघडी वाळू द्या.

आता फळ्या लावा. लाकूड चांगले मुरलेले, वाळलेले घ्या. भिंतीवर उभ्या रिपा मारून त्यांवर आडव्या फळ्या बसवा, म्हणजे मागे इंचभर पोकळी राहील. खालची कड जमिनीपासून चार बोटे उचला आणि वरही फट ठेवा. हवा खेळली पाहिजे. रंग किंवा वार्निश फळी बसविण्याआधीच लावा. मागची बाजू व कापलेली टोके विसरू नका, टोकांतूनच पाणी जास्त शोषले जाते. लोखंडी खिळ्यांऐवजी पितळी स्क्रू वापरा. ते गंजत नाहीत, आणि दर पावसाळ्यानंतर एखादी फळी काढून मागे ओल किंवा वाळवी आहे का ते पाहता येते.

पोती मात्र फळ्यांना टेकवू नका. लाकडी घडवंचीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

बियाणे वाळविल्याशिवाय आपण कणगीत भरत नाही. भिंतीलाही तोच न्याय लावा.