रस्त्याची गुणपत्रिका

परीक्षेत ज्या धड्याला गुण नसतात, तो धडा मुले सहसा वाचत नाहीत. शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. रस्त्यांचीही अशीच परीक्षा घेतली जाते, आणि ज्या गोष्टीला तिथे गुण नसतात तिच्याकडे रस्ता बांधणाऱ्यांचे दुर्लक्ष होते. या परीक्षेत गुण कशावर देतात, हे आपण पाहू या.

१९६५ साली अमेरिकेत महामार्गांच्या क्षमतेविषयीच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात रस्त्यांना 'ए' ते 'एफ' अशा सहा श्रेणी देण्याची पद्धत मांडली होती. तिला 'लेव्हल ऑफ सर्व्हिस', म्हणजे सेवेची पातळी, असे नाव आहे. वाहने हव्या त्या वेगाने मोकळी धावत असतील तर 'ए'. एकमेकांना खेटून मुंगीच्या पावलांनी सरकत असतील तर 'एफ'. पद्धत सोपी आणि आकड्यांवर आधारलेली असल्यामुळे ती इतर देशांत पसरली, भारतातही आली.

समजा, एका गावातला मुख्य रस्ता रुंद करण्यासाठी कडेची झाडे तोडली आणि फुटपाथ काढून टाकला. मोटारी सुसाट धावू लागल्या. रस्त्याची श्रेणी 'डी'वरून 'ए'वर गेली. याच रस्त्याने पायी शाळेत जाणाऱ्या पाचवीतल्या मुलीच्या दृष्टीने मात्र तो आता नापास झाला आहे. रस्ता एकच, परीक्षक दोन. आजवरच्या गुणपत्रिकेत सही होती ती फक्त मोटारीत बसलेल्या परीक्षकाची.

गर्दी मोजण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. सायकल, रिक्षा, बस ही सगळी वाहने एकाच मापात आणण्यासाठी 'मोटार-एकक' वापरतात. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० साली शहरी रस्त्यांसाठी दिलेल्या कोष्टकात मोटार १ एकक, सायकल ०.४ ते ०.५ आणि बस २.२ ते ३.७ एकके धरली आहे. टांगा आणि हातगाडी यांनाही त्यात स्थान आहे. पायी चालणाऱ्याला नाही, कारण तो वाहन नाही! रस्त्याची किती जागा व्यापली जाते हे सांगायला हे माप उपयोगी आहे; परंतु किती माणसे गेली हे त्यातून कळत नाही. बसमध्ये ४४ प्रवासी असतील, तर ३.७ एकके धरूनही दर एककामागे सुमारे १२ माणसे जातात. दोघे बसलेल्या मोटारीत दर एककामागे २ जातात.

आता सिग्नलकडे वळू. उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांना हे गणित सहज जमेल. समजा, सिग्नलचे एक पूर्ण चक्र १२० सेकंदांचे आहे आणि त्यात पादचाऱ्यांसाठी हिरवा दिवा २० सेकंद लागतो. उरलेले १०० सेकंद लाल. कोणत्याही क्षणी आलेल्या माणसाला लाल दिवा मिळण्याची संभाव्यता १०० भागिले १२०, म्हणजे ५/६. लाल दिवा मिळालाच, तर त्याला सरासरी निम्मा वेळ, म्हणजे ५० सेकंद, थांबावे लागते. दोहोंचा गुणाकार सुमारे ४२ सेकंद. सर्व पादचाऱ्यांची ही सरासरी प्रतीक्षा झाली.

४२ सेकंदांना श्रेणी कोणती? त्याच अमेरिकन पुस्तिकेच्या २००० सालच्या आवृत्तीत वाहनांसाठी ३५ ते ५५ सेकंदांचा खोळंबा 'डी' श्रेणीत येतो, तर पादचाऱ्यांसाठी ४० ते ६० सेकंद 'ई' श्रेणीत. पादचाऱ्यांचे प्रमाण कडक ठेवण्याचे कारण असे, की ३० सेकंदांच्या वर थांबावे लागले की माणसे अधीर होतात आणि लाल दिवा असतानाच रस्ता ओलांडण्याचा धोका पत्करतात. ज्याला आपण बेशिस्त म्हणतो, तिचा काही भाग अशा रीतीने सिग्नलच्या वेळापत्रकातच लिहिलेला असतो.

शिवाय ओलांडायला लागणारा वेळही पाहावा लागतो. सेकंदाला १.२ मीटर हा चालण्याचा वेग बरीच वर्षे हिशेबासाठी धरला जातो. या वेगाने २४ मीटर रुंद रस्ता ओलांडायला २० सेकंद लागतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजीबाईंना ३० सेकंद लागतील. दिवा बदलेल तेव्हा त्या भर रस्त्यात असतील.

चालण्याला गुण देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९७१ साली जॉन फ्रुइन यांनी केला. दर माणसाला किती जागा मिळते यावर त्यांनी श्रेणी ठरवल्या: ३.२५ चौरस मीटरहून अधिक तर 'ए', ०.४६ हून कमी तर 'एफ'. रेल्वे स्थानकाच्या जिन्यासारख्या गर्दीच्या जागी जागेचे असे माप फार उपयोगी पडते. पण उखडलेला, खांबांनी अडवलेला फुटपाथ या मापाने तपासा. त्यावर कोणीच चालत नाही, म्हणून तो रिकामा. रिकामा म्हणून 'ए'! तेव्हा गर्दीबरोबर फुटपाथाची अवस्थाही पाहायला हवी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ सालच्या मार्गदर्शिकेत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर उंची सांगितली आहे.

सायकलीचा प्रश्न आणखी वेगळा. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील टँपा शहरात सुमारे १५० जणांना खऱ्याखुऱ्या रहदारीतून सायकल चालवायला लावून रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला श्रेणी द्यायला सांगितले होते. त्यावरून शेजारून जाणाऱ्या वाहनांची संख्या, त्यांचा वेग, अवजड वाहनांचे प्रमाण, रस्त्याचा पृष्ठभाग आणि मिळणारी रुंदी यांचे एक सूत्र तयार झाले.

परंतु तुकड्यातुकड्यांच्या गुणांची सरासरी काढून भागत नाही. घर ते शाळा अशा वाटेत नऊ भाग शांत गल्ल्यांचे आणि एक भाग ट्रक धावणाऱ्या चौकाचा असेल, तर पालक मुलाला सायकल देणार नाहीत. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच. २०१२ साली कॅलिफोर्नियातील सान होजे शहराचा अभ्यास याच तत्त्वावर झाला. शांत रस्त्यांची बेटे पुष्कळ होती, पण मोठ्या रस्त्यांनी ती एकमेकांपासून तोडलेली होती. सुमारे १० किलोमीटरपर्यंतच्या कामाच्या फेऱ्यांपैकी फक्त ४.७ टक्के फेऱ्या सर्वसाधारण प्रौढाला न घाबरता सायकलवरून करता येण्याजोग्या निघाल्या. सुचवलेल्या सुधारणा केल्या, तर हे प्रमाण १२.७ टक्क्यांवर जाईल असा हिशेब होता.

मोजपट्टी बदलल्याने काय घडते, हे त्याच राज्यात दिसले. तिथे पर्यावरणाच्या कायद्याखाली प्रकल्प तपासताना मोटारींचा खोळंबा हीच पर्यावरणाची हानी मानत असत. सान फ्रान्सिस्कोचा सायकलमार्गांचा आराखडा अशी तपासणी न करता मंजूर झाला, म्हणून न्यायालयाने २००६ साली तो थांबवला. ही स्थगिती २०१० साली उठली. पुढे २०१३ साली नवा कायदा झाला आणि जुलै २०२० पासून राज्यभर, मोटारी किती अडकतात याऐवजी एखाद्या प्रकल्पामुळे मोटारींचे एकूण धावणे किती वाढते, हे मोजू लागले. या मापाने सायकलमार्ग दोषी ठरत नाही.

मोजमाप हा आम्हा वैज्ञानिकांच्या कामाचा पाया आहे. काय मोजायचे याची निवड मात्र मोजण्याआधीच झालेली असते, आणि ती तपासून पाहणे हेही विज्ञानाचेच काम आहे.

वर्गात करून पाहा: शाळेसमोरच्या रस्त्यावर पंधरा मिनिटे उभे राहून (अर्थात फाटकाच्या आत, शिक्षकांसह) वाहने आणि माणसे वेगवेगळी मोजा. फुटपाथाची मोकळी रुंदी आणि उंची मोजपट्टीने घ्या. रस्ता ओलांडण्यासाठी लोकांना किती सेकंद थांबावे लागते, याची घड्याळ लावून नोंद करा. मग तीन गटांनी पादचारी, सायकलस्वार आणि मोटारचालक यांच्या वतीने त्याच रस्त्याला श्रेणी द्यावी. तिन्ही श्रेणी एकाच तक्त्यावर लिहा आणि तो तक्ता, आकड्यांसह, ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला पाठवा.