पहिलटकरणीचा पती : एक दुर्लक्षित परिचारक

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत परिचारकाला स्वतंत्र स्थान दिले आहे. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे त्याचे चार गुण. पहिलटकरणीच्या बाबतीत हे गुण आपण आई, सासू वा सुईणीत शोधतो. पतीकडे पाहतही नाही. अनुराग त्याच्याजवळ बहुधा असतोच. उपचारज्ञता तेवढी द्यावयाची राहते, आणि ते काम आपणा वैद्यांचे आहे.

मुळा-मुठा व भीमा यांच्या मधल्या राहू बेट परिसरात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आजही पुष्कळ घरांत आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी माहेरी जाते आणि जावई ऊस, गुऱ्हाळ व रात्रीच्या पाणीपाळीत अडकतो. ‘ते बायकांचं काम, डॉक्टर, मला काय त्यातलं!’ हे उत्तर आम्ही नेहमी ऐकतो. ही बेपर्वाई नव्हे. त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते. म्हणून पतीचे शिक्षण सातव्या महिन्याच्या आत उरकले पाहिजे. आम्ही पाचव्या महिन्यातील तपासणीस त्याला आत बोलावतो. पहिली दहा मिनिटे तो जमिनीकडे पाहत असतो. मग खर्चाचे प्रश्न विचारतो, आणि खरी भीती सर्वांत शेवटी बोलून दाखवतो.

प्रथम सांगावयाची ती धोक्याची लक्षणे : अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणे, पाणी जाणे. यांपैकी काहीही दिसल्यास काढा उकळीत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. राहूहून यवतच्या ग्रामीण रुग्णालयात जावयाचे तर नदी ओलांडावी लागते. तेव्हा गाडी कोणाची, रक्त कोण देणार, १०८ ला पत्ता कसा सांगावयाचा, हे आधीच ठरलेले असावे. आणि माहेर दुसऱ्या गावी असेल तर तेथलेही. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यावयाच्या असतात. शौचास काळे होते म्हणून त्या मध्येच टाकल्या जातात. यात घाबरण्यासारखे काही नाही, एवढे पतीला ठाऊक असले तरी पुष्कळ साधते.

प्रसवकाळाविषयी चरक शारीरस्थानाचा आठवा अध्याय आजही मार्गदर्शक आहे. प्रसव सुलभ व्हावा म्हणून गर्भिणीने मुसळाने धान्य कांडावे, हे मत आत्रेयांनी तेथे खोडून काढले. त्याऐवजी जांभया देणे व येरझारा घालणे सांगितले. कंबर, पार्श्व, पाठ व मांड्या कोमट तेलाने हळुवार चोळाव्यात, आणि आवी आल्याविना प्रवाहण करू नये, ते श्रम व्यर्थ जातात, असेही म्हटले आहे. हात धरून चालवणे व कंबर चोळणे हे पतीला सहज जमणारे आहे. ‘जोर लाव, जोर लाव’ असे ओरडणे मात्र त्याने कटाक्षाने टाळावे.

प्रसूतिकक्षात सोबतीण असावी, अशी अनुमती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये शासकीय रुग्णालयांस दिली. त्यात स्त्री नातेवाइकास प्राधान्य आहे, आणि खाजगीपणा राखता येईल तेथे पतीसही वाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तर स्त्रीच्या पसंतीच्या व्यक्तीची संपूर्ण प्रसवकाळात सोबत असावी, अशी शिफारस केली. पसंती तिची, हे पतीला स्पष्ट सांगावे. तिला आईच हवी असेल तर त्याने बाहेर, पण हाकेच्या अंतरावर थांबावे.

आता औषधालयांच्या मालकबंधूंसाठी. नववा महिना लागला की कोणाच्या तरी सल्ल्याने पती एरंडेल मागावयास येतो. ते गर्भिणीसाठी असेल तर वैद्याच्या चिठ्ठीविना देऊ नये. नवजातासाठी मध वा गुटी मागणाऱ्यासही परत पाठवावे. जातकर्मातील मधुघृताचा उल्लेख आम्हांस ज्ञात आहे. परंतु मधातून बालकास जंतुविषबाधेचा संभव असतो, हेही आज ज्ञात आहे. जन्मल्यापासून तासाभरात आईचे दूध आणि पुढे सहा महिने केवळ तेच. बाळंतकाढा नेण्यास आलेल्या पतीला हे दोन शब्दांत सांगण्यास काउंटरवर मिनिटही लागत नाही.