क्युलेक्सची लाळ

वर्ध्यात हत्तीपायाचा माग रात्रीच काढावा लागे. या रोगाचे, म्हणजे फायलेरियाचे, सूक्ष्म जंतू दिवसा फुप्फुसांकडच्या रक्तात दडतात आणि ते पसरवणाऱ्या क्युलेक्स डासाच्या वेळेला, रात्री, कातडीजवळ येतात. म्हणून कर्मचारी अंधार पडल्यावर घरोघरी जाऊन बोटातून रक्त घेत आले. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला 1969 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघालं. पुढे तिथे डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी या रोगाच्या रक्तचाचण्यांवर वर्षानुवर्षं काम केलं.

डास रक्त पितो तो लाळेच्या जोरावर, आणि त्या लाळेचा शोध या कामाहून जुना. भारतातले रक्तपिपासू कीटक आणि गोचिडी तपासून कॉर्नवॉल आणि पॅटन यांनी 1914 मध्ये लिहून ठेवलं की काहींच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य आहे. पुढची कित्येक वर्षं सगळं लक्ष गोठण्यावरच राहिलं. मला मात्र एक प्रश्न पडतो. नळीतलं रक्त गोठायला काही मिनिटं लागतात, आणि डास तर बहुधा तेवढ्यात पोट भरून उडतो. मग त्याला धास्ती कशाची?

प्लेटलेटची. सोंड शिरताच फाटलेल्या पेशींतून एडीपी नावाचं द्रव्य सांडतं, त्या हाकेने प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि काही सेकंदांत भोक बुजवू लागतात. एडिस डासाच्या लाळेतलं अपायरेज नावाचं विकर हे एडीपीच तोडून टाकतं. 1984 मध्ये रिबेरो आणि सहकाऱ्यांनी एडिसच्या लाळेच्या नळ्या कापून पाहिल्या, तेव्हा त्या डासांना रक्त सापडायला जास्त वेळ लागला.

आपल्या क्युलेक्सकडे अपायरेज फारच थोडं, असं रिबेरोंनाच 2000 मध्ये दिसलं. त्याचं कूळ पक्ष्यांच्या रक्तावर पोसलेलं, आणि पक्ष्यांच्या रक्तात प्लेटलेट नसतात, केंद्रक असलेल्या वेगळ्या पेशी असतात. तरी तो माणसाला चावतोच. कसा, ते 2020 मध्ये उलगडलं: त्याच्या लाळेतलं डी-7 जातीचं एक प्रथिन एडीपीला तोडत नाही, नुसतं धरून ठेवतं. मला या शोधाचं फार अप्रूप वाटतं.

लाळेतून रोगही येतो, पण प्रत्येक वेळी नाही. 1936 मध्ये शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजींना मलेरियाने गाठलं होतं. मलेरियाचा जंतू ॲनोफिलिसच्या लाळेतूनच रक्तात उतरतो. हत्तीपायाची अळी मात्र लाळेतून येत नाही. क्युलेक्स रक्त पिताना ती सोंडेतून कातडीवर उतरते आणि त्याने पाडलेल्या भोकातून आत शिरते.