जलरोधक सीलंट (नौकादुरुस्ती)

जलरोधक सीलंट हा होडीचे सांधे जोडणारा, त्यांतून पाणी शिरू न देणारा आणि घट्ट झाल्यावरही लवचीक राहणारा चिकट पदार्थ आहे. कोकण किनाऱ्यावर लाकडी होडीच्या फळ्यांमधील फटींत सुती दोरा ठासून त्यावर राळ व तेलाचे मिश्रण भरण्याची जुनी रीत आहे. फायबरच्या होड्यांसाठी प्रामुख्याने सीलंट वापरतात.

प्रकार
पॉलियुरेथेन सीलंट सर्वांत चिवट असून हवेतील बाष्पाने घट्ट होते. पॉलिसल्फाइड लाकडी सांध्यांना मानवते, मात्र काही प्लॅस्टिकना अपाय करते. सिलिकॉनची पकड तुलनेने कमी असते व त्याचा अंश उरलेल्या पृष्ठावर रंग धरत नाही.

वापर
पृष्ठभाग स्वच्छ, तेलरहित व कोरडा लागतो. उल्हास आणि पाताळगंगा या नद्यांच्या कर्जत-खालापूर परिसरात पावसाळी दमटपणामुळे पॉलियुरेथेन लवकर घट्ट होते. परंतु ओल्या पृष्ठावर ते नीट चिकटत नाही. त्यामुळे हे काम आडोशाला करणे इष्ट ठरते. खुंटी वा कडी बसवताना बोल्ट प्रथम हलकेच आवळतात. एकदम आवळल्यास सीलंट बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो.

मर्यादा
चिवट पॉलियुरेथेनचा जोड जवळजवळ कायमचा असतो. तो उखडताना फायबरचा वरचा थर निघू शकतो. म्हणून पुढे काढावे लागणारे भाग त्याने बसवत नाहीत. सीलंट हा बोल्टला पर्याय नाही; कुजलेली फळीही त्याने सावरत नाही, ती बदलावीच लागते.