बर्फ पडण्याआधीचं गणित

बर्फ म्हटलं की आपल्याला आठवतो तो एस.टी. स्टँडसमोरचा गोळेवाला. पण एमएस करायला अमेरिकेत बफेलोला गेलेल्या एखाद्या सीनियरला विचारून बघा! न्यूयॉर्क राज्यातल्या या शहरात दर हिवाळ्यात सरासरी सुमारे ९५ इंच, म्हणजे जवळजवळ ८ फूट बर्फ पडतो. दुकानं, ऑफिसं, हॉस्पिटलं यांचे पार्किंग लॉट सकाळच्या आत मोकळे करून देणं हा तिथला रीतसर धंदा आहे. पुढे पातं लावलेला ट्रक घेऊन कंत्राटदार पहाटे निघतो. पण त्याचा नफा-तोटा ठरतो तो त्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरात, कोटेशन भरताना.

पहिलं काम, जागा बघणं. जमीन दिसते आहे तोवरच हे उरकायचं. क्षेत्रफळ सॅटेलाइट फोटोवरून घरबसल्या मोजता येतं. पण गटाराची झाकणं, स्पीडब्रेकर, आगीच्या बंबाचे नळ जागेवर जाऊनच टिपावे लागतात. ढीग कुठे लावायचा हेही तेव्हाच ठरवायचं. चढाच्या बाजूला लावला तर दुपारी वितळलेलं पाणी लॉटभर पसरून रात्री काचेसारखं गोठतं. मग कोणी घसरून पडला की कोर्टाची नोटीस!

दुसरं काम, वेळ काढणं. समजा, लॉट ८,००० चौ. मीटरचा आहे. ५ सेंमी बर्फ पडला तर झाला ४०० घनमीटर. ताज्या, भुसभुशीत बर्फाची घनता साधारण १०० किलो प्रति घनमीटर धरली, तर ४० टन! पात्याची उपयोगी रुंदी २ मीटर, वेग ताशी १० किमी, म्हणजे कागदावर तासाला २०,००० चौ. मीटर. पण वळणं, रिव्हर्स, ढीग लावणं धरून ४० टक्केच हाती लागतात असं माना. म्हणजे ८,०००, एका फेरीला एक तास.

आता पैसे. ट्रक, ड्रायव्हर, डिझेल, विमा मिळून तासाला १२० डॉलर धरू. जाण्यायेण्याचा अर्धा तास ६०, मीठ ४८. एकूण २२८. त्यावर २५ टक्के नफा, म्हणजे फेरीला २८५ डॉलर. (आकडे नमुन्यादाखल आहेत, पद्धत महत्त्वाची.) हे सगळं एक्सेलमध्ये एकदा बसवलं की पुढच्या गिऱ्हाइकासाठी फक्त क्षेत्रफळ, अडथळे आणि अंतर बदलायचं. एका संध्याकाळी दहा-वीस कोटेशनं सहज तयार!

खरी गोम मात्र पुढेच आहे. दर फेरीमागे पैसे घेतले तर बर्फाची जोखीम गिऱ्हाइकावर. पण पुष्कळांना अख्ख्या सीझनचा एकच ठोक आकडा हवा असतो. जुन्या नोंदी पाहून २५ फेऱ्या धरल्या, ७,१२५ डॉलर लिहिले आणि प्रत्यक्षात ४० फेऱ्या झाल्या तर? खर्च ९,१२०. जवळजवळ २,००० डॉलर खिशातून! शिवाय नुसती सरासरी फसवते. नोव्हेंबर २०१४ मध्ये ईरी सरोवरावरून आलेल्या वादळानं बफेलोच्या दक्षिणेकडच्या काही उपनगरांत ५ फुटांहून जास्त बर्फ टाकला, आणि थोड्याच मैलांवर उत्तरेला जेमतेम काही इंच. म्हणून शहाणा कंत्राटदार करारात स्पष्ट लिहितो : किती इंच बर्फ साचल्यावर ट्रक निघणार, ठोक रकमेत किती फेऱ्या, वरच्या फेरीला दर काय, आणि मिठाचे पैसे आत की वेगळे.

शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. सीझन संपला की खरा लागलेला वेळ अंदाजाशेजारी लिहायचा. ४० टक्क्यांऐवजी ३० निघाले, तर पुढच्या वर्षी शीटमध्ये ३०च घालायचे.

एस्टिमेटिंगच्या पेपरात आपण रेट ॲनालिसिस घोकतो आणि हॉलबाहेर पडताच विसरतो. तिकडे तेच गणित चुकलं, तर माणूस अख्खा हिवाळा पहाटे उठून स्वतःच्याच खर्चानं दुसऱ्याचं अंगण झाडतो. तेव्हा मंडळी, आकडा लिहिण्याआधी जागा बघा!