पोरांचं चरित्रलेखन : उतरवून काढू नका, विचारून लिहू द्या

(तालुका प्रतिनिधी)

सहावी ते आठवीच्या पोरांना शाळेत एक प्रकल्प हमखास मिळतो, ‘एका व्यक्तीचे चरित्र लिहा.’ पुढं काय होतं ते घरोघरी सारखंच. पोरगं मोबाईल उघडतं, पहिलं दिसेल ते वहीत उतरवतं, झेरॉक्सच्या दुकानातून फोटो आणून चिकटवतं. झाला प्रकल्प.

आमच्या घरीही तसंच झालं. मुलगी सातवीत आहे. तिनं कर्मवीर भाऊराव पाटील निवडले होते. पहिलंच वाक्य, ‘ते एक द्रष्टे शिक्षणमहर्षी होते.’ विचारलं, द्रष्टे म्हणजे काय गं? गप्प बसली. चूक पोरीची नाही, कसं लिहायचं हे आपणच कधी सांगितलेलं नसतं. म्हणून पालकांसाठी हे चार शब्द.

आधी फरक सांगा. माणसानं स्वतःची हकिकत लिहिली तर ते आत्मचरित्र, दुसऱ्यानं लिहिली तर चरित्र. त्यामुळं चरित्रात ‘मी’ येत नाही.

मग मोबाईल उघडण्याआधी कागदावर पाच प्रश्न लिहून घ्या. जन्म कुठं, कधी झाला? घरची परिस्थिती कशी होती? मोठी अडचण कोणती आली? त्यावर त्या माणसानं काय केलं? त्यामुळं कुणाचं काय बदललं? उत्तरं शोधत गेलं की मजकूर आपोआप क्रमानं लागतो.

कर्मवीरांचंच बघा. जन्म 22 सप्टेंबर 1887, कोल्हापूर जिल्ह्यातलं कुंभोज. 4 ऑक्टोबर 1919 रोजी आपल्या कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्थेची स्थापना. 1924 मध्ये संस्था साताऱ्याला आली. निधन 9 मे 1959. ही झाली तारखांची यादी, हे अजून चरित्र नाही.

चरित्र पुढं सुरू होतं. वसतिगृहात सगळ्या जातीधर्मांची गरीब पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. पैसे संपले तेव्हा पोरांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. मी पोरीला विचारलं, त्यांनी असं का केलं असेल? तिनं थोडा विचार करून लिहिलं, ‘दुसऱ्यांची पोरं उपाशी झोपू नयेत म्हणून.’ साधं वाक्य, पण तिचं स्वतःचं. आधीच्या ‘द्रष्टे’पेक्षा मला ते जास्त पटलं.

तिसरी गोष्ट तपासणीची. तारीख, गाव, नाव किमान दोन ठिकाणी बघावं. मराठी विश्वकोश मोबाईलवर फुकट वाचता येतो. शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयातलं एखादं पुस्तक मिळालं तर उत्तमच. दोन्हीकडं वेगळं आढळलं तर गुरुजींना विचारावं, मनानं ठोकून देऊ नये.

चौथी गोष्ट, मोठीच माणसं पाहिजेत असं नाही. शाळेची हरकत नसेल तर घरातल्या माणसाचं चरित्र लिहू द्या. कर्मवीरांचं झाल्यावर आमच्या पोरीनं आजीचं लिहायला घेतलं आणि पहिल्याच प्रश्नाला अडली. आजीच्या आधार कार्डावर नुसतं साल आहे, 1952, तेही अंदाजानं सांगितलेलं. जुन्या माणसांचं असंच असतं. अनेकांच्या दाखल्यावर 1 जून दिसतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच तो टाकलेला असतो. अशा वेळी घटनेवरून साल काढावं. आजी म्हणाली, ‘कोयनेचा भूकंप झाला तवा मी चौथीत हुते.’ तो भूकंप 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा. चौथीतलं पोर नऊ-दहा वर्षांचं, म्हणजे जन्म 1957-58 च्या आसपास. पोरीनं खोटी तारीख न घालता ‘सुमारे 1957-58’ असं लिहिलं. तेच बरोबर. पक्कं करायचं असेल तर जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद सापडू शकते.

भूकंपात घर पडलं, धाकटी भावंडं सांभाळायला आजीची शाळा सुटली. 1972 च्या दुष्काळात तिनं खडी फोडली, सुकडी खाल्ली. दुष्काळाचं मला माहीत होतं. पण माझी आई चौथीपर्यंत शाळेत गेली होती, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी पोरीच्या वहीतून कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र आजी ‘लिहू नको’ म्हणाली. पोरीनं ती लिहिली नाही, मीही इथं लिहीत नाही. जिवंत माणसाचं चरित्र लिहिताना हे पाळावंच लागतं. लिहून झालं की त्या माणसाला वाचून दाखवावं, चूक असेल तर तोच सांगतो.

शेवटचं पालकांना. पोराच्या वहीत आपण लिहू नका, शुद्धलेखन तेवढं बघा. दीड-दोन पानं पुष्कळ झाली. रविवारी पोराच्या हातात प्रश्नांचा कागद द्या, आजी-आजोबांजवळ बसवा आणि तुम्ही गोठ्याकडं निघून जा. आपण शेजारी बसलो की म्हातारी माणसं मोकळं बोलत नाहीत.